विष आधी कोणाच्या हाताला लागते?

हळदीत रंग, मिठाईत रंग, भाजीवर फवारा आणि अंगातल्या सदऱ्यातही रसायन! ही काळजी आज घरोघर बोलून दाखवली जाते. ‘पूर्वी असे नव्हते’ असा सुस्काराही त्यापाठोपाठ येतो. इतिहास मात्र निराळे सांगतो. यंत्रयुग जेथे प्रथम अवतरले त्या इंग्लंडात ही काळजी २०० वर्षांची जुनी आहे. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. कॉलेजात न जाता वाचनालयातून जमेल तेवढे शिकलो. हा इतिहास वाचताना आमच्या मनात एकच प्रश्न येतो : ग्राहकाच्या ताटात किंवा अंगावर येण्यापूर्वी हे विष कोणाच्या हातून गेले?

१८२० साली लंडनमध्ये फ्रेडरिक अ‍ॅक्युम या जर्मन रसायनज्ञाने खाद्यपदार्थांतील भेसळीवर एक ग्रंथ लिहिला. मुलांची मिठाई शिसे आणि तांबे यांच्या विषारी क्षारांनी रंगवतात, हे त्याने उघड केले. पुढे १८५१ ते १८५४ या काळात डॉ. आर्थर हॅसल यांनी सूक्ष्मदर्शकाखाली नमुने तपासून ‘लॅन्सेट’ पत्रात दुकानदारांची नावे छापली. लोक हळहळले, पण कायदा काही झाला नाही.

मग १८५८ चा ऑक्टोबर उजाडला. ब्रॅडफर्ड हे लोकरीच्या गिरण्यांचे गाव. तेथे पेपरमिंटच्या वड्यांत महाग साखरेऐवजी थोडी जिप्समची भुकटी मिसळण्याची रीत होती आणि तो गुन्हा मानला जात नसे. औषधविक्रेता आजारी होता. त्याच्या नोकराने चुकीच्या पिंपातून भुकटीऐवजी १२ पौंड सोमल काढून दिला. ज्या कारागिराने तो मिश्रणात मळला, तो काम करता करताच आजारी पडला. वड्यांचा रंग बरा आला नाही, तेव्हा विक्रेत्याने भाव पाडून माल उचलला. सुमारे २० माणसे मेली आणि २०० वर आजारी पडली. खटला झाला, पण शिक्षा कोणालाच झाली नाही. पहिला भेसळविरोधी कायदा १८६० मध्ये आला. तो लुळा होता. त्याला दात फुटायला १८७५ साल उजाडावे लागले. विचार करा : मळणाऱ्याचे आजारपण ही पहिली सूचना होती. कोणी विचारले असते, तर त्या वड्या बाजारात गेल्याच नसत्या.

कपड्यांची गोष्ट याहून बोलकी आहे. १७७५ साली शीले या स्वीडिश रसायनज्ञाने तांबे आणि सोमल यांपासून एक झगझगीत हिरवा रंग तयार केला. पुढे अशाच हिरव्या रंगांनी भिंतींचे कागद, नाचाचे झगे, केसांत माळायची कागदी-कापडी फुले सारे रंगून निघाले. लंडनच्या एका फुलांच्या कारखान्यात मॅटिल्डा शूरर नावाची १९ वर्षांची मुलगी पानांवर ही पूड भुरभुरवीत असे. नोव्हेंबर १८६१ मध्ये ती मेली. मरताना तिला हिरव्या ओकाऱ्या होत होत्या, डोळ्यांचे पांढरे बुबुळही हिरवे झाले होते. चौकशी झाली, काही सहृदय स्त्रियांनी आवाज उठवला. त्यांच्या सांगण्यावरून हॉफमन या रसायनज्ञाने फुले तपासली आणि १८६२ मध्ये जाहीर केले की एका शिरोभूषणात २० माणसे मारण्याइतके विष आहे. तेव्हा कोठे श्रीमंत घरांत धावपळ उडाली! हिरवी फॅशन ओसरली. परंतु कापडातील या रंगावर इंग्लंडने कायद्याने बंदी घातली नाही. कारखान्यातील सोमलबाधा सरकारला कळवलीच पाहिजे, हा नियम यायला १८९५ साल लागले.

त्याच १८९५ साली फ्रँकफर्टच्या लुडविग रेन या शल्यवैद्याने नव्या कोळसाजन्य रंगांच्या कारखान्यातील कामगारांच्या मूत्राशयात गाठी पाहिल्या व तसे नोंदवले. पुढे बेंझिडीनसारख्या द्रव्यांवर दोष सिद्ध झाला. इंग्लंडने १९६७ मध्ये बेंझिडीन बनवण्यास बंदी केली. अशी द्रव्ये ज्यांतून सुटतात ते अ‍ॅझो रंग अंगावरच्या कापडात नकोत, असे जर्मनीने ठरवले ते १९९४ मध्ये. भारत सरकारने १९९७ मध्ये असे ११२ रंग हाताळण्यास मनाई केली, कारण परदेशचे गिऱ्हाईक हातचे जाण्याची भीती होती. कामगाराच्या देहावर जे १८९५ मध्ये लिहिले गेले, ते सदऱ्याच्या कायद्यात उतरायला ९९ वर्षे लागली!

याला एक अपवाद आहे. १८८८ मध्ये लंडनच्या काडेपेटी कारखान्यातील सुमारे १४०० स्त्रिया-मुलींनी संप केला. पांढऱ्या फॉस्फरसने त्यांचे जबडे सडत. पुढे हिंदुस्थानात होमरूलसाठी झटलेल्या अ‍ॅनी बेझंट यांनी त्यांची बाजू मांडली होती. विषारी हातांनी विषारी जागेत भाकरी खावी लागू नये म्हणून जेवायला वेगळी खोली, ही त्यांच्या तडजोडीतील एक अट होती. १९०६ च्या बर्न येथील करारानंतर देशोदेशी त्या फॉस्फरसवरच बंदी आली. आपल्याकडे १९१३ साली. कामगार बोलले आणि नागरिक त्यांच्या पाठीशी उभे राहिले, तेथे विष मुळापासून उपटले गेले.

आपल्याकडे १९५४ चा भेसळ प्रतिबंधक कायदा होता, त्याच्या जागी २००६ चा अन्नसुरक्षा कायदा आला. दोन्हींची गरज होतीच. पण निरीक्षक नमुना घेतो तो बहुधा दुकानातून, आणि दुकान हा विषाच्या प्रवासाचा शेवटचा मुक्काम आहे. पहिला मुक्काम रंगाच्या हौदाशी, फवाऱ्याच्या पंपाशी, मळणाऱ्याच्या परातीशी असतो. तेथला माणूस खोकतो का, त्याच्या हातांना मोजे आहेत का, हे आपण विचारीत नाही. ती विचारपूस म्हणजे त्याच्यावर उपकार नव्हेत. त्याचा खोकला आपण वेळेवर ऐकला, तर आपल्या मुलांचे ताट वाचेल.