डोक्यावरचा कायदा: नाशिकमधील हेल्मेटसक्तीचा इतिहास

दुचाकीवर हेल्मेट घालण्याची कायदेशीर सक्ती नाशिकमध्ये १ जुलै १९८९ पासून आहे. त्या दिवशी मोटार वाहन अधिनियम, १९८८ देशभर लागू झाला. त्याच्या कलम १२९ ने सार्वजनिक रस्त्यावर दुचाकी चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट बंधनकारक केले. पगडी बांधणाऱ्या शिखांना सूट मिळाली आणि नियम करून आणखी अपवाद ठरवण्याची मुभा राज्यांना मिळाली. हेल्मेट म्हणजे काय हेही कायद्याने सांगितले: अपघातात डोक्याचे काही प्रमाणात रक्षण होईल अशा आकाराचे व बांधणीचे, आणि पट्ट्याने डोक्याला घट्ट बांधलेले. तरीही त्यानंतरच्या तीन दशकांत ‘शहरात उद्यापासून हेल्मेटसक्ती’ अशी बातमी नाशिककरांनी अनेकदा वाचली आणि दर वेळी ती नव्या नियमासारखीच वाचली. कायदा एकच होता. अंमल मात्र येत-जात राहिला.

हेल्मेटची सुरुवात शर्यतींच्या मैदानावर झाली. इंग्लंडमधील ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर काम करणारे डॉक्टर एरिक गार्डनर यांनी १९१४ च्या सुमारास कॅनव्हासवर लाखेचे थर देऊन कडक टोपी बनवून घेतली आणि ती शर्यतपटूंना घालायला लावली. सामान्य चालकापर्यंत हा विचार पोचला तो एका मृत्यूमुळे. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून जगाला माहीत असलेले टी. ई. लॉरेन्स मे १९३५ मध्ये मोटारसायकलवरून पडले आणि सहा दिवसांनी गेले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत मेंदूशल्यचिकित्सक ह्यू केर्न्स होते. पुढे केर्न्स यांनी ब्रिटिश सैन्यातील निरोप्या मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास केला. तो १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी सैन्याने या स्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. १९४६ मध्ये केर्न्स यांनी पुढचे आकडे मांडले. मृत्यू घटले होते. इतका पुरावा हाती असूनही ब्रिटनमधील नागरी चालकांसाठी कायदा यायला १९७३ उजाडले. त्याआधी, १९६१ मध्ये, ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने अशी सक्ती केली होती आणि ती जगात पहिली मानली जाते.

हेल्मेटची आजची रचना अमेरिकेत ठरली. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाशी संबंधित सी. एफ. लोम्बार्ड व हर्मन रॉथ यांच्या नावावर १९५३ मध्ये एका हेल्मेटचे पेटंट नोंदले गेले. त्यात बाहेर कडक कवच आणि आत चेपणारा थर होता. डोके वाचते ते मुख्यतः या आतल्या थरामुळे. कवच आघात पसरवते, तर थर्माकोलसारखा थर चेपून तो आघात थोडा जास्त वेळ लांबवतो, त्यामुळे मेंदूला बसणारा झटका कमी होतो. चेपलेला थर पुन्हा फुगत नाही. म्हणून जोराचा मार खाल्लेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी निकामी झालेले असते. ‘मी हळूच चालवतो, मला कशाला हेल्मेट’ हा नाशिकमध्ये नेहमी ऐकू येणारा युक्तिवाद इथेच कोसळतो. दुचाकीवर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंच असते. गाडी उभी असताना तोल गेला तरी एवढ्या उंचीवरून पडणारे डोके ताशी वीसएक किलोमीटरच्या वेगाने रस्त्यावर आदळू शकते. कवटी फुटायला तेवढा वेग पुरतो.

भारतात १९३९ च्या मोटार वाहन कायद्याखाली काही राज्यांनी स्वतःचे नियम केले होते. आंध्र प्रदेशच्या अशा नियमाला आव्हान दिले गेले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. हेल्मेटच्या सक्तीने मुक्त संचाराचा मूलभूत हक्क हिरावला जातो, हा मुख्य मुद्दा होता. अजय कानू विरुद्ध भारत सरकार या खटल्यात १९८८ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. हेल्मेटने संचार अडत नाही आणि चालकाच्या सुरक्षिततेसाठी केलेला नियम लोकहिताचाच आहे, असा त्या निकालाचा आशय होता. ‘डोके माझे, धोका माझा’ या भूमिकेचा कायद्यापुरता निकाल तेव्हाच लागला. रस्त्यावर तो आजही लागलेला नाही.

नाशिकमध्ये हा प्रश्न इतका मोठा का झाला, हे शहराच्या वाढीत दिसते. गोदावरीकाठचे जुने गाव अरुंद गल्ल्यांचे आणि पायी फिरण्याजोगे होते. मग सातपूर आणि अंबड इथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. मायको, महिंद्र यांसारखे कारखाने आले. सत्तरच्या दशकापासून सिडकोने कामगारांसाठी घरांच्या योजना उभारल्या. घर एकीकडे, कारखाना दुसरीकडे आणि बाजार मेन रोड-शालिमारला, अशी रोजची धाव सुरू झाली. आधी ती सायकलने भागली. पुढे बजाजची स्कूटर, लुना आणि एम-८० आली. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० बाजारात आल्यावर कमी पेट्रोलमध्ये लांब पळणारी मोटारसायकल कामगाराच्या आवाक्यात येऊ लागली. नव्या शतकात गिअर नसलेल्या स्कूटरमुळे महाविद्यालयीन मुली, गृहिणी आणि ज्येष्ठ मंडळीही मोठ्या संख्येने गाडी चालवू लागली. सार्वजनिक वाहतूक या वेगाने वाढली नाही. महापालिकेची स्वतःची ‘सिटीलिंक’ बससेवा सुरू झाली ती ८ जुलै २०२१ रोजी. तोवर दुचाकीला पर्याय फारच थोडा होता. यात भर म्हणजे मुंबई-आग्रा महामार्ग थेट शहराच्या पोटातून जातो. पाथर्डी फाटा, मुंबई नाका, द्वारका इथे ट्रक-ट्रेलर आणि भाजी आणायला निघालेली स्कूटर एकाच चौकात येतात. २०१३ मध्ये उड्डाणपूल खुला झाल्यावर लांब पल्ल्याची बरीच वाहने वरून जाऊ लागली, पण खालच्या रस्त्यावरची गर्दी कमी झाली नाही.

हेल्मेटचा तुटवडा हे कारण कधीच नव्हते. स्टीलबर्ड आणि स्टड्स या कंपन्या सत्तरच्या दशकापासून उत्तरेत हेल्मेटे बनवत होत्या आणि मराठी सीमाभागात बेळगावला व्हेगा १९८२ पासून. नवी दुचाकी विकताना ग्राहकाला हेल्मेट देण्याची अट केंद्रीय मोटार वाहन नियमांतही आहे. तरी घराघरांत हेल्मेट माळ्यावर किंवा गाडीच्या आरशावर लटकलेले राहिले. मानेचे दुखणे, केस गळणे, उकाडा, मागचा हॉर्न ऐकू न येणे, ही कारणे दिली गेली. सगळ्यांत पक्के कारण मात्र अंतराचे होते: ‘इथेच तर जायचंय.’ लोकांनी धोका महामार्गावर धरला, गल्लीत नाही. मुंबईला निघालेला माणूस कसारा घाटासाठी हेल्मेट घाली आणि तोच माणूस कॉलेज रोडला उघड्या डोक्याने जाई. जगभरच्या अभ्यासांच्या कॉक्रेन आढाव्यात हेल्मेटने मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो असे आढळले. मानेच्या दुखापतींवर काय परिणाम होतो, याबाबत ठाम बोलण्याइतका पुरावा त्या आढाव्याला मिळाला नाही.

महाराष्ट्रात या विषयावरचा सर्वांत मोठा संघर्ष पुण्यात झाला. तिथे हेल्मेटसक्तीविरोधी कृती समिती उभी राहिली. जानेवारी २०१९ मध्ये पोलिसांनी कडक कारवाई सुरू करताच हेल्मेटची अंत्ययात्राही काढण्यात आली. नाशिकमध्ये असा संघटित विरोध झाला नाही, पण पुण्यातले युक्तिवाद इथेही जसेच्या तसे बोलले गेले. त्याआधी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने राज्यांवर अंमलबजावणीसाठी दबाव वाढवला होता. २०१६ मध्ये औरंगाबाद पोलिसांनी मोहीम उघडली. त्याच वर्षी परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी हेल्मेट नसेल तर पेट्रोल नाही असे जाहीर केले. पंपचालकांच्या विरोधानंतर ते मवाळ झाले: पेट्रोल मिळेल, पण गाडीचा क्रमांक टिपून घेतला जाईल.

नाशिकमध्ये २०१९ च्या उन्हाळ्यात पोलीस आयुक्त विश्वास नांगरे पाटील यांच्या कारकिर्दीत चौकाचौकांत कारवाई झाली. काही आठवडे रस्ता बदललेला दिसला आणि मग पुन्हा पूर्ववत झाला. त्याच वर्षी संसदेने मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती केली. हेल्मेट नसल्यास १,००० रुपये दंड आणि तीन महिने परवाना निलंबन, अशी शिक्षा कलम १९४ ड मध्ये आली. महाराष्ट्राने ही दुरुस्ती लगेच स्वीकारली नाही. राज्यात दंडाचे नवे दर डिसेंबर २०२१ मध्ये लागू झाले.

नाशिकची सर्वांत गाजलेली मोहीम त्याआधी चार महिने सुरू झाली होती. १५ ऑगस्ट २०२१ रोजी तत्कालीन पोलीस आयुक्त दीपक पाण्डेय यांनी शहरात ‘नो हेल्मेट, नो पेट्रोल’ लागू केले आणि पालकमंत्री छगन भुजबळ यांच्या हस्ते तिचा प्रारंभ झाला. कल्पना नवी नव्हती. २०१६ मध्ये कोलकाता पोलिसांनीही ती राबवली होती. नाशिकमध्ये ती शहरभर आणि चिकाटीने चालवली गेली, हा फरक होता. चौकात पोलिसाला चुकवता येते, पण पेट्रोलशिवाय गाडी चालत नाही, हा त्यामागचा साधा हिशेब होता. पहिल्याच दिवसांत त्यातली फट दिसली. लोक पंपावर शेजारच्याचे हेल्मेट मागून घेत, पेट्रोल भरत आणि परत करून निघून जात. कायद्याला हवे असलेले हेल्मेट अशा रीतीने डोक्यावर मिनिटभर टिकत होते. अडवणारे पंपावरचे कर्मचारी शिवीगाळ आणि मारहाण सोसत होते. पोलिसाचा अधिकार हाती नसताना पोलिसाचे काम त्यांच्या अंगावर आले, ही या योजनेतली खरी चूक होती. पंपचालकांनी संरक्षण मागितले ते रास्तच होते.

सप्टेंबर २०२१ मध्ये मोहिमेने अधिक विचारपूर्वक वळण घेतले. विनाहेल्मेट सापडणाऱ्यांना दोन तासांच्या समुपदेशनाला बसवले जाऊ लागले. मुंबई नाक्याजवळच्या वाहतूक प्रशिक्षण उद्यानात ‘नाशिक फर्स्ट’ या संस्थेचे रस्ता सुरक्षेचे काम आधीपासून चालू होते. त्याचा इथे उपयोग झाला. कामाच्या दिवशी दोन तास जाणे हे अनेकांना दंडापेक्षा जड वाटले. त्या दोन तासांत डोक्याला मार लागल्यावर माणसाचे आणि त्याच्या घराचे काय होते, हेही कानावर पडले. दंड भरून माणूस काहीच शिकत नाही. या उपायात शिकण्याला निदान वाव होता, म्हणून नाशिकच्या सगळ्या प्रयोगांत तो जास्त मोलाचा ठरतो. एप्रिल २०२२ मध्ये पाण्डेय यांची बदली झाली, पंपांवरची कडकाई ओसरली आणि त्यांच्या जागी आलेल्या जयंत नाईकनवरे यांना त्याच वर्षाच्या अखेरीस हेल्मेटसाठी पुन्हा मोहीम हाती घ्यावी लागली.

मोहीम अधिकाऱ्याबरोबर येते आणि त्याच्या बदलीबरोबर जाते. दबाव टिकला तरच सक्ती टिकते, हे केवळ नाशिकपुरते खरे नाही. व्हिएतनामने १५ डिसेंबर २००७ पासून सर्व दुचाकीस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले आणि अंमल सैल पडू दिला नाही. तिथल्या रस्त्यांवर उघडे डोके थोड्याच दिवसांत अपवाद ठरले. अमेरिकेत उलट घडले. १९६६ च्या संघीय कायद्याने महामार्गाच्या निधीची अट घातल्यावर १९७५ पर्यंत जवळजवळ सर्व राज्यांनी हेल्मेटचे कायदे केले. १९७६ मध्ये ती अट शिथिल होताच अनेक राज्यांनी ते मागे घेतले.

हेल्मेटच्या दर्जावर भारतात उशिरा लक्ष गेले. रस्त्याकडेला मिळणारी स्वस्त टोपीवजा हेल्मेटे दंड वाचवत, डोके नाही. १ जून २०२१ पासून भारतीय मानक ब्युरोच्या आयएस ४१५१ या मानकाची खूण नसलेले दुचाकीचे हेल्मेट बनवणे आणि विकणे बेकायदा झाले. खूण खरी आहे का आणि हनुवटीखालचा पट्टा लावला आहे का, या दोन गोष्टी मात्र कोणत्याही नाक्यावर क्वचितच तपासल्या जातात.

सर्वांत मागे राहिला तो मागच्या सीटवरचा माणूस. १९८८ च्या कायद्याने चालक आणि सहप्रवासी यांत फरक केलेला नव्हता, पण कारवाई चालकापाशीच थांबत आली. मुंबई पोलिसांनी सहप्रवाशांवर कारवाई सुरू केली ती जून २०२२ मध्ये. नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्याच्या वाहतूक पोलिसांनी चालक आणि सहप्रवासी यांची ई-चलान वेगवेगळी नोंदवण्याचे आदेश दिले. मुलांसाठीचा नियम आणखी नवा आहे. फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेनुसार नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना त्याच्या मापाचे हेल्मेट आणि चालकाला जोडणारा सुरक्षा पट्टा हवा आणि गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ दुचाकीस्वार अपघातात दगावले. त्यांपैकी १४,३३७ मागे बसलेले होते.