महाराष्ट्रातील द्राक्ष निर्यात

महाराष्ट्रातील द्राक्ष निर्यात म्हणजे राज्यात पिकणारी ताजी द्राक्षे परदेशी बाजारपेठांत पाठवण्याचा व्यवसाय होय. भारताच्या द्राक्ष निर्यातीत महाराष्ट्राचा वाटा सर्वांत मोठा आहे. नाशिक, सांगली, सोलापूर आणि पुणे हे प्रमुख उत्पादक जिल्हे आहेत. नेदरलँड्स, युनायटेड किंग्डम, रशिया, संयुक्त अरब अमिराती व बांगलादेश हे महत्त्वाचे ग्राहक देश आहेत.

लागवड व हंगाम

उष्ण हवामानामुळे येथे वेलीची वर्षातून दोनदा छाटणी करतात. एप्रिलच्या सुमारास होणाऱ्या खरड छाटणीनंतर काडी तयार होते आणि तिच्या डोळ्यांत घडनिर्मिती होते. ऑक्टोबरच्या सुमारास होणाऱ्या फळछाटणीनंतर घड बाहेर पडतात. काढणी मुख्यतः जानेवारी ते एप्रिल या काळात चालते. थॉम्पसन सीडलेस व त्यातून निवडलेले तास-ए-गणेश, सोनाका हे वाण प्रचलित आहेत. निर्यातीसाठी मण्यांचा आकार एकसारखा लागतो. त्यासाठी घडांची विरळणी करतात व जिबरेलिक आम्ल वापरतात. डाऊनी (केवडा) व भुरी हे प्रमुख रोग असून अवकाळी पावसाने मणी तडकतात.

इतिहास

१९९१ मध्ये द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी एकत्र येऊन 'महाग्रेप्स' ही निर्यात संस्था स्थापन केली. पुढे सह्याद्री फार्म्ससारख्या शेतकरी उत्पादक कंपन्याही या व्यवसायात आल्या.

उर्वरित अंशांचा प्रश्न

२००३ मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मिथोमिल या कीटकनाशकाचे अंश आढळले. त्यानंतर उर्वरित अंश तपासणीची योजना लागू झाली. 'अपेडा' या केंद्रीय संस्थेने २००६ मध्ये 'ग्रेपनेट' ही संगणकीय प्रणाली सुरू केली. तीत प्रत्येक निर्यातक्षम बागेची नोंदणी होते. काढणीपूर्वी मान्यताप्राप्त प्रयोगशाळा बागेतील नमुने तपासते. नमुना मर्यादेत न बसल्यास त्या बागेतील माल युरोपला पाठवता येत नाही. पेटीवरील क्रमांकावरून मूळ बागेपर्यंत माग काढता येतो.

२०१० मध्ये या व्यवस्थेतील उणीव उघड झाली. युरोपमध्ये द्राक्षांत क्लोरमेक्वॅट क्लोराइड हे वाढनियंत्रक मर्यादेपेक्षा अधिक आढळले आणि कंटेनर बंदरांवर अडकले. शेंड्याची वाढ रोखण्यासाठी ते प्रामुख्याने खरड छाटणीनंतर, म्हणजे फळ येण्याच्या कित्येक महिने आधी वापरले जात होते. भारतातील तपासणीच्या यादीत त्याचा समावेश नव्हता. त्यामुळे येथे तपासणीत उत्तीर्ण झालेला मालही तेथे नाकारला गेला. उत्पादक व निर्यातदार यांना मोठा आर्थिक फटका बसला. त्यानंतर या रसायनाचा यादीत समावेश करण्यात आला.

काढणीपश्चात प्रक्रिया

सकाळच्या गारव्यात तोडलेले घड पॅकहाउसमध्ये निवडून पेट्यांत भरतात. बुरशी टाळण्यासाठी पेटीत सल्फर डायऑक्साइड सोडणारा कागद ठेवतात. पूर्वशीतकरणानंतर माल शीतगृहात शून्य अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतात आणि शीत कंटेनरमधून मुख्यतः न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातून रवाना करतात.

आव्हाने

युरोपच्या बाजारात भारतीय द्राक्षांना दक्षिण आफ्रिका व चिली यांच्या मालाशी स्पर्धा करावी लागते. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे अनेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. त्यामुळे प्रवास लांबला व वाहतूक खर्च वाढला. परदेशी पेटंटधारक वाणांची लागवड करताना स्वामित्वशुल्कही द्यावे लागते. निर्यातीस अपात्र ठरलेला माल देशांतर्गत बाजारात सहसा कमी दराने विकला जातो किंवा बेदाण्यासाठी वापरला जातो. मात्र निर्यातक्षम बागेसाठी केलेला जादा खर्च त्या दरातून भरून निघेलच असे नाही.