उघड्या मोटारीचें अस्तर

जुनी मोटार म्हटली कीं आपली दृष्टि तिच्या चकचकीत दिव्यांवर खिळते. दाराच्या आंतल्या अंगास काय लाविलें आहे, हें कोणी वांकून पाहत नाहीं. परंतु अशी मोटार पूर्वस्थितीस आणूं पाहणाऱ्यास विचारा. यंत्राचे भाग घडवून घेतां येतात, रंगही जुळवितां येतो. पण दारामागचा तो पुठ्ठा आणि त्यावरील कापड यांनीं त्यास महिनोन्महिने हिंडविलेलें असतें. आज त्या उपेक्षित वस्तूचाच इतिहास सांगण्याचें योजिलें आहे.

मुंबईंत मोटारी आल्या त्या १८९८ च्या सुमारास. त्या काळच्या मोटारीचें यंत्र नवें असलें तरी बैठक घोडागाडीचीच होती: लांकडी सांगाडा, वर खरें कातडें, आंत घोड्याचे केस. पुढें मोटारी हजारोंनीं निघूं लागल्या आणि कातडें परवडेनासें झालें. तेव्हां विलायतेंत मँचेस्टरनजीक हाइड या गांवच्या एका कंपनीचें 'रेक्झिन' पुढें आलें. सुती कापडावर लेप द्यावयाचा आणि त्यावर दाबून कातड्याचे कण उठवावयाचे, अशी त्याची कृति. किंमत कातड्याच्या चौथाईच्या आसपास. तें एका कंपनीचें नांव, पण आपल्याकडे तें सामान्यनामच होऊन बसलें.

तो लेप होता सेल्युलोज नायट्रेटाचा; त्यांत कापराचें तेल व रंग मिसळीत. दादासाहेब फाळके यांनीं १९१३ मध्यें प्रदर्शित केलेला 'राजा हरिश्चंद्र' ज्या फितीवर होता, तिचाही मूळ पदार्थ हाच. ती फीत कशी भडकत असे हें जुन्या चित्रपटगृहवाल्यांस ठाऊक होतें. म्हणून गंजलेला खिळा निघत नसला तरी जुन्या अस्तराजवळ ज्योत नेऊं नये, हें मी आग्रहानें सांगतों.

आज दुकानांत 'रेक्झिन' मागितलें तर जें पुढें येतें तें निराळें. कापडावर पी. व्ही. सी. चा थर दिलेला हा माल दुसऱ्या महायुद्धानंतर सर्वत्र पसरला. तो टिकाऊ आहे, यांत शंका नाहीं. पण त्याची झळाळी वेगळी आणि स्पर्श रबरासारखा. केवळ नांव सांगून खरेदी करणारा येथेंच फसतो. दाराच्या कडेस कापड मागें दुमडून खिळलेलें असतें. त्या घडीखालीं ऊन न लागलेला बोटभर तुकडा बहुधा शिल्लक राहतो. मूळ रंग व कण यांचा तोच खरा साक्षीदार. आमच्या शेजारच्या दिवेआगरचा शके ९८२ चा ताम्रपट जसा तेथल्या जुन्या व्यवहाराची साक्ष देतो, तसाच हा तुकडा. उपमा थोडी मोठी झाली खरी, पण मास्तराची संवय सुटत नाहीं.

उघड्या मोटारींचें अस्तर इतकें दुर्मिळ कां, यालाही कारण आहे. अमेरिकेंत १९१९ मध्यें दहांतली जेमतेम एक मोटार बंद छपराची होती. १९२७ पर्यंत शंभरांत पंचाऐशींच्या घरांत बंद मोटारी निघूं लागल्या. आपल्याकडे १९२८ मध्यें जनरल मोटर्सनें मुंबईंत शिवडीस जुळणीचा कारखाना काढला. मोटारी सुट्या भागांनीं पेट्यांतून येत व तेथें उभ्या राहत. तो १९५४ मध्यें बंद झाला. एकाच सांच्याच्या मोटारी असल्यानें एकीच्या दाराचा कागदी नमुना दुसरीला लागू पडण्याचा संभव पुष्कळ. म्हणून चोरबाजार पालथा घालण्यापूर्वीं त्याच बनावटीच्या मोटारीचा मालक गांठावा.

आमच्या बोर्ली पंचतनास माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें १९२८ च्या सुमाराची उघडी शेव्हरोले नीट करावयास घेतली आहे. समुद्राची खारी हवा आणि चार महिने पाऊस! मूळ दाबीव पुठ्ठ्याचा लगदा झालेला. खिळ्यांचीं भोकें मात्र लांकडी चौकटींत शाबूत होतीं. त्यांवरून आम्हीं आकार काढला. त्याच्या मनांत सनमायका बसवावा असें होतें. तें मीं मोडून काढलें. पण पुठ्ठ्याच्या जागीं पातळ मरीन प्लायवुड, म्हणजे भारतीय मानक ७१० चें, घेण्यास मीं संमति दिली. शुद्धतावाद्यांस हें रुचणार नाहीं. माझें म्हणणें असें कीं, दिसतें तें मुळाबरहुकूम असावें, झांकलेलें असेल तें हवेस टिकावें. मात्र मागच्या बाजूस पेन्सिलीनें साल आणि माल लिहून ठेवावा, म्हणजे पुढचा संशोधक फसणार नाहीं. जाडी मात्र मूळचीच हवी. ती थोडी वाढली तरी कडा चौकटीस अडते आणि दार लागत नाहीं.

फळीच्या पाठीस जवसाचें उकळलेलें तेल दोनदां द्यावें. आमचे कोळीबांधव होड्यांस काजूच्या टरफलांचें तेल लावितात. तें येथें नको, त्यानें हात भाजतात व कापडास डाग पडतो. खिळे तांब्याचे घ्यावे. कापड चारही दारांचें एकदम घ्यावें. आमचीं तीन दारें झालीं. चौथ्यास अर्धा वार कमी पडला, आणि त्याच दुकानांतल्या पुढच्या ताग्याचा रंग जुळेना. तें दार अजून उघडेंच आहे.