विजेचा झटका आणि मेंदूचे जाळे

१/ एप्रिल १९३८, रोम. उगो चेर्लेत्ती व लुचिओ बिनी यांनी एका मनोरुग्णाच्या मेंदूतून विजेचा प्रवाह सोडून आकडी आणली. असा उपचार प्रथमच होत होता.

२/ आकडी आणि स्किझोफ्रेनिया एकत्र नांदत नाहीत, हा त्यामागील समज पुढे चुकीचा ठरला. गुण मात्र तीव्र नैराश्यात अधिक आला.

३/ आरंभी भूल देत नसत. आचक्यांनी हाडे मोडत. भारतात भुलीविना झटके देण्यास बंदी आली, ती २०१७ च्या कायद्याने.

४/ २०१२ मध्ये ॲबर्डीनच्या संशोधकांनी नऊ रुग्णांचे मेंदू उपचारापूर्वी व नंतर एफएमआरआयने तपासले. मेंदूच्या डाव्या अग्रभागातील वाजवीपेक्षा घट्ट जोडण्या उपचारानंतर सैल झाल्या होत्या.

५/ रुग्ण अवघे नऊ. कोडे पूर्ण सुटलेले नाही. पण गुण आधी आला, कारणाचा माग तब्बल चौऱ्याहत्तर वर्षांनी लागू लागला.