डोंगरमाथ्याची जुनी आवृत्ती

कोडमध्ये नेमकं काय बदललं हे शोधायचं तर जुनी आवृत्ती हाताशी लागते. ती नसेल तर नुसते अंदाज बांधत बसायचं. मंडळी, डोंगरावरच्या झाडापेडांचंही तसंच आहे. आणि तिथली एक जुनी आवृत्ती चक्क १८३५ सालची आहे!

त्या वर्षी ओसवाल्ड हेअर नावाचा स्विस शास्त्रज्ञ आल्प्समधल्या पित्स लिनार्द शिखरावर चढला. उंची ३४०० मीटरच्या वर. माथ्यावर त्याला फुलणाऱ्या वनस्पतीची फक्त एक जात सापडली. त्याने ती लिहून ठेवली, बस्स. पुढच्या पिढ्यांनी तोच माथा पुन्हा पुन्हा तपासला. १९३७ मध्ये १० जाती होत्या, २०११ मध्ये १६. हवा तापत गेली तशा खालच्या जाती वर सरकल्या. २०१८ मध्ये युरोपातल्या ३०२ शिखरांच्या जुन्या-नव्या याद्या एकत्र मांडल्या, तेव्हा कळलं की २००७ ते २०१६ या काळात जाती वाढण्याचा वेग पन्नास वर्षांपूर्वीच्या पाचपट होता.

जाती वाढल्या म्हणजे चांगलंच की, असं वाटेल. पण थंडीतच जगणाऱ्या मूळ रहिवाशांना आता पाहुण्यांशी झगडायचंय, आणि त्यांना आणखी वर जायला डोंगरच शिल्लक नाही.

२००१ मध्ये ऑस्ट्रियातून 'ग्लोरिया' नावाचं जाळं सुरू झालं. पद्धत अगदी साधी. ठरलेल्या शिखरांवर चौकोन आखायचे, आतली प्रत्येक जात मोजायची, मातीत तापमान नोंदवणारं यंत्र पुरायचं आणि काही वर्षांनी त्याच जागी परत यायचं. आपल्या हिमालयातही अशा जागा आखल्या गेल्या आहेत.

मग महाराष्ट्रात काय? कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे आल्प्ससारखं काही आपल्याकडे नाही. पण जुनी यादी आहे, आणि ती करणारा माणूस इंजिनियर होता! थिओडोर कुक हा आयरिश माणूस १८६० मध्ये रेल्वेच्या कामावर भारतात आला, पूल बांधले, मग पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजचा (आजचं सीओईपी) प्रिन्सिपॉल झाला. मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १९०१ ते १९०८ दरम्यान भागाभागाने आला. कुठली जात कुठे सापडली, कुणी गोळा केली, सगळं त्यात आहे. मात्र एका ठराविक जागेत किती, हे नाही. हेअरने एकच माथा पाहिला म्हणून तुलना जमली. कुकने अख्खा इलाखा पाहिला, त्यामुळे जात नाहीशी झाली तर कळेल, पण कमी होत गेली तर कळणं अवघड.

आणि आपल्याला नेमकं तेच कळायला हवंय. कासचं पठार साधारण १२०० मीटरवर, २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत. कातळावरच्या बोटभर मातीत पावसाळ्यापुरती उगवणारी सीतेची आसवं आणि गेंद पावसाच्या वेळापत्रकावर जगतात. पाऊस लांबला, मध्येच दडी मारली तर? पठार सपाट आहे, वर सरकायची सोयच नाही.

मी मूळचा कळंबचा, इंदापूर तालुक्यातला. आमच्याकडे डोंगर नाही, माळ आहे. निरेच्या कालव्याचं पाणी आलं, १९३० च्या दशकात शेजारी वालचंदनगर उभं राहिलं, ऊस वाढला. जिथे कुसळी आणि पवन्या गवत होतं तिथे काय काय गेलं, हे आज सांगणं कठीण आहे, कारण सरकारदरबारी माळ म्हणजे 'पडीक'. पडीक जमिनीवरचं गवत कोण मोजणार? इथे तर हवामानाने काय केलं आणि कालव्याने काय केलं, हेही वेगळं काढता येत नाही. कासलाही पर्यटन, रस्ते हे सगळं आहेच. दरवर्षी त्याच चौकोनात मोजल्याशिवाय तिथलाही गुंता सुटणार नाही.

असो. हेअरने एका जातीची नोंद केली तेव्हा हवामानबदल हा शब्दही कुणाच्या डोक्यात नव्हता. पुढच्या ट्रेकला जाल तेव्हा एखादा चौकोन निवडा, फोटो काढा, तारीख आणि जागा लिहा. पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात तिथेच परत जा. फक्त फुलांवर पाय देऊ नका, म्हणजे झालं!