जॉन अँडरसनचें मृत्युपत्र व स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठाचें मूळ

जुना कागद हातीं आला म्हणजे तो अस्सल कीं बनावट, हें आपण प्रथम पाहतों. परंतु कागद पूर्णपणें अस्सल असून त्यांतील बहुतेक कलमें कधींच अंमलांत आलीं नाहींत, असें आढळल्यास त्याचें प्रामाण्य किती मानावयाचें? स्कॉटलंडांतील ग्लासगो शहरच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठाचा इतिहास पाहतांना हा प्रश्न पदोपदीं उभा राहतो. या विद्यापीठास राजसनद मिळाली ती इ. स. १९६४ सालीं, तें आपला आरंभ मात्र १७९६ पासून मोजतें. मधल्या १६८ वर्षांचा सांधा ज्या कागदावर जुळविला जातो तो म्हणजे प्रोफेसर जॉन अँडरसन यानें ता. ७ मे १७९५ रोजीं केलेलें मृत्युपत्र होय. या सांध्याची परीक्षा करावी एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

अँडरसनचा जन्म १७२६ सालीं रोझनीथ येथें एका धर्मोपदेशकाच्या घरीं झाला. १७५४ सालीं ग्लासगोच्या जुन्या विद्यापीठांत पौर्वात्य भाषांचा प्रोफेसर म्हणून त्याची निवड झाली. पुढें १७५७ सालीं तो पदार्थविज्ञानाचा प्रोफेसर झाला व मरेपर्यंत त्याच जागेवर राहिला. न्यूकोमेनच्या वाफेच्या यंत्राचा जो नमुना दुरुस्त करतां करतां जेम्स वॉटला आपल्या शोधाची वाट सांपडली, तो नमुना याच पदार्थविज्ञानाच्या वर्गांतला. फोर्थ व क्लाइड या नद्यांच्या दरम्यान असलेल्या रोमन तटाच्या अवशेषांचाहि त्यानें अभ्यास करून त्यांवर लिहिलें आहे. तेव्हां हा मनुष्य थोडाबहुत आपल्याच पंथांतला म्हणावयास हरकत नाहीं. १७९१ सालीं स्वतः योजलेल्या तोफेचा नमुना घेऊन तो पॅरिसला गेला व क्रांतिकारक सरकारास त्यानें तो भेट दिला, यावरून त्याच्या राजकीय मतांचा कल कळून येतो.

विद्यापीठाचे विद्यार्थी तांबडा झगा घालीत. अँडरसननें शहरांतील कारागिरांसाठीं एक निराळा वर्ग चालविला. त्यास झग्याची अट नव्हती. कामावरच्या कपड्यांनींच यावें, प्रयोग पाहावे, आणि परत कामावर जावें. पुढील सर्व हकीकतीचें बीज आमच्या मतें या वर्गांत आहे, मृत्युपत्रांत नाहीं. परंतु तें यथाक्रम पाहूं.

स्वभावानें अँडरसन तापट व भांडखोर होता. विद्यापीठाचे हिशेब व कारभार यांवरून सहकारी प्रोफेसरांशीं त्याचा उभा दावा पडला. सरकारनें चौकशीसाठीं राजमंडळ पाठवावें म्हणून त्यानें खटपट केली; ती फळास आली नाहीं. या पराभवाची जखम घेऊनच तो मृत्युपत्र लिहावयास बसला, आणि तें वाचतांना ही गोष्ट विसरून चालत नाहीं. ग्लासगो विद्यापीठाच्या कोणाहि प्रोफेसरास नव्या संस्थेच्या कारभारांत घेऊं नये, असा त्यांत स्पष्ट निर्बंध आहे. नव्या संस्थेचे अध्यापक आळशी, व्यसनी किंवा कामचुकार निघतां कामा नयेत, असेंहि त्यानें लिहून ठेविलें. आणि हें लिहितांना दृष्टि कोणाकडे होती तें सांगावयास नको.

मृत्युपत्रांतील योजना भव्य आहे. संस्थेचें नांव ‘अँडरसनचें विद्यापीठ’ असावें. कला, वैद्यक, कायदा व धर्मशास्त्र अशीं तिचीं चार महाविद्यालयें असावींत. प्रत्येकांत नऊ प्रोफेसर असावेत. वर देखरेखीस ८१ विश्वस्त, त्यांचे वर्ग नऊ, व प्रत्येक वर्गांत माणसें नऊ. वर्ग असे: कारागीर, शेतकीचे जाणते, कलावंत, कारखानदार, वैद्य, वकील, धर्मोपदेशक, सृष्टिशास्त्रज्ञ, आणि शेवटीं अँडरसनचे आप्त अथवा आडनांवबंधु. नित्य कारभारासाठीं विश्वस्तांनीं आपल्यांतून नऊ व्यवस्थापक निवडावेत. नवाच्या आंकड्यावर या गृहस्थाचा कांहीं विशेषच लोभ दिसतो. भाऊबंदांचा तो नववा वर्ग वाचून आपल्याकडील वतनपत्रांची आठवण झाल्याशिवाय राहात नाहीं. पण त्याच यादींत पहिला मान कारागिरांस दिला आहे, हेंहि दृष्टीआड करूं नये. त्या काळच्या कोणत्या विद्यापीठाच्या नियामक मंडळांत सुताराला व लोहाराला बसावयास जागा होती? स्त्रियांसाठीं पदार्थविज्ञान व रसायन यांचीं व्याख्यानें व्हावींत, असेंहि एक कलम आहे; आणि ग्लासगोच्या जुन्या विद्यापीठानें स्त्रियांस आपलीं दारें उघडलीं तीं १८९२ सालीं, हें लक्षांत घेतां त्या कलमाचें मोल कळतें.

आतां या भव्य योजनेमागें द्रव्य किती होतें? जवळजवळ कांहींच नाहीं. ता. १३ जानेवारी १७९६ रोजीं अँडरसन वारला तेव्हां विश्वस्तांच्या हातीं आलें तें मुख्यतः त्याचीं पुस्तकें, उपकरणें व संग्रहांतील वस्तु. तथापि विश्वस्त डगमगले नाहींत. जून १७९६ मध्यें त्यांनीं ग्लासगोच्या नगरसभेकडून मुद्रांकित सनद मिळवून संस्थेस कायदेशीर रूप दिलें. मात्र या सनदेंत नांव पडलें तें ‘अँडरसनची इन्स्टिट्यूशन’ असें. मृत्युपत्रांतला ‘विद्यापीठ’ हा शब्द पहिल्याच पायरीवर गळला. ३६ प्रोफेसरांच्या जागीं एकच नेमला, टॉमस गार्नेट हा वैद्य. त्याच्या व्याख्यानांस स्त्रीपुरुषांची मोठी गर्दी होई. म्हणजे स्त्रियांविषयींचें कलम तरी आरंभापासून पाळलें गेलें. १७९९ सालीं गार्नेट लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनकडे गेला व त्याच्या जागीं जॉर्ज बर्कबेक आला.

बर्कबेकची गोष्ट थोडी विस्तारानें सांगण्यासारखी आहे. व्याख्यानासाठीं लागणारें एक उपकरण करवून घेण्यास तो कारागिरांच्या दुकानीं गेला. हें यंत्र कशासाठीं, यांत अमुक भाग कां, असे प्रश्न ते लोक मोठ्या उत्सुकतेनें त्यास विचारूं लागले. तेव्हां त्यानें १८०० सालीं त्यांच्यासाठीं विनामूल्य वर्ग काढला. पहिल्या व्याख्यानास ७५ माणसें आलीं; चौथ्यास ५०० झालीं. अँडरसनचा बिनझग्याचा वर्गच येथें नव्यानें उभा राहिला, असें म्हणावें लागतें. पुढें १८२३ सालीं या कारागिरांचें संस्थेच्या चालकांशीं बिनसलें व त्यांनीं फुटून ग्लासगोची मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशन काढली. त्याच वर्षीं बर्कबेकच्या पुढाकारानें लंडनमध्येंहि तशीच संस्था निघाली. तिचेंच आजचें रूप लंडनचें बर्कबेक कॉलेज होय.

गळलेला शब्द विश्वस्तांनीं १८२८ सालीं परत घेतला. कोणाची सनद न घेतां, मृत्युपत्राच्या आधारावरच, ते आपल्या संस्थेस ‘अँडरसनचें विद्यापीठ’ म्हणूं लागले. पदवी देण्याचा अधिकार नव्हता. फक्त नांव होतें. पण या नांवाच्या छायेखालीं शिकलेलीं माणसें पाहिलीं तर त्यास पोकळ म्हणवत नाहीं. टॉमस ग्रॅहम हा १८३० ते १८३७ येथें रसायनाचा प्रोफेसर होता. त्याचा शिष्य व मदतनीस जेम्स यंग यानें पुढें दगडी कोळशापासून पॅराफिन तेल काढून अमाप द्रव्य मिळविलें. ब्लँटायर गांवच्या सूतगिरणींत काम करून वाढलेला डेव्हिड लिव्हिंगस्टन १८३६ सालीं वैद्यक शिकण्यास येथेंच आला. त्याची व यंगची मैत्री तेव्हांपासूनची.

लिव्हिंगस्टनचा उल्लेख आलाच आहे तर महाराष्ट्राशीं असलेला एक धागा येथें नमूद करतों. १८६४ सालीं तो आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून लहानशी आगबोट स्वतः चालवीत मुंबईस आला. १८६६ च्या आरंभीं तो मुंबईहून शेवटच्या प्रवासास निघाला, तेव्हां नाशिकजवळच्या शरणपूर येथील मिशनच्या आश्रमांत वाढलेले नऊ आफ्रिकी तरुण त्याच्या तुकडींत होते. ते गुलामगिरींतून सोडविलेले असत. याच आश्रमांतला जेकब वेनराइट मागाहून १८७२ सालीं त्यास जाऊन मिळाला. १८७३ सालीं लिव्हिंगस्टन मरण पावल्यावर त्याच्या उत्तरक्रियेचा पाठ यानेंच वाचला, शवाबरोबर तो १८७४ सालीं लंडनपर्यंत गेला, व या प्रवासाची रोजनिशी त्यानें लिहून ठेविली. नाशिकच्या जुन्या कागदपत्रांचा शोध घेणाऱ्यांनीं शरणपूरकडे अवश्य वळावें.

मूळ विषयाकडे येऊं. १८७७ सालीं पार्लमेंटाच्या कायद्यानें संस्थेचें नांव ‘अँडरसनचें कॉलेज’ झालें. ‘विद्यापीठ’ शब्द दुसऱ्यांदा गेला. १८८७ सालीं तिच्यांत इतर संस्था मिसळून ग्लासगो व पश्चिम स्कॉटलंडचें टेक्निकल कॉलेज बनलें. यांत १८२३ सालीं फुटून गेलेली कारागिरांची संस्थाहि, नांव बदलून कां होईना, ६४ वर्षांनीं घरीं परत आली. वैद्यकाची शाखा मात्र याच वेळीं निराळी झाली व १९४७ सालीं ग्लासगो विद्यापीठांत विलीन झाली. १९१२ सालीं कॉलेजास ‘रॉयल’ हें उपपद मिळालें. आणि १९१३ सालीं जें घडलें तें अँडरसनला कबरींतहि स्वस्थ पडूं न देणारें होतें: कॉलेज ग्लासगो विद्यापीठाशीं संलग्न झालें, व येथील विद्यार्थी त्याच जुन्या वैऱ्याची पदवी घेऊं लागले. हा क्रम अर्धशतक चालला. दूरचित्रवाणीचा संशोधक जॉन लॉगी बेअर्ड हा या काळांतील विद्यार्थ्यांपैकीं एक.

१९६४ सालीं स्कॉटिश कॉलेज ऑफ कॉमर्स हें सामील करून घेऊन राजसनदेनें विद्यापीठ झालें, व क्लाइड खोऱ्यांतील प्राचीन ब्रिटन राज्याचें ‘स्ट्रॅथक्लाइड’ हें नांव त्यास दिलें. लॉर्ड टॉड हे पहिले कुलपति व सर सॅम्युएल करन हे पहिले प्रिन्सिपल. १९९३ सालीं जॉर्डनहिलचें अध्यापन महाविद्यालय त्यांत मिळालें. रचना इतर ब्रिटिश विद्यापीठांसारखीच आहे: द्रव्य व व्यवस्था यांसाठीं कोर्ट, विद्याविषयक बाबींसाठीं सेनेट, आणि दोहोंचा निर्वाह करणारा प्रिन्सिपल. स्कॉटलंडच्या चार प्राचीन विद्यापीठांत निवडून येणारा रेक्टर असतो, तसा येथें नाहीं. कोर्टावर कर्मचारी, कामगारसंघ व विद्यार्थी यांचे सभासद असावेत असें २०१६ च्या कायद्यानें सर्व स्कॉटिश विद्यापीठांस लागू केलें. कारागिरांस पहिली जागा देणाऱ्या त्या ८१ विश्वस्तांच्या यादीशेजारीं हा कायदा ठेवून पाहण्यासारखा आहे. शाखा चार आहेत: एंजिनिअरिंग, विज्ञान, मानव्य व सामाजिक शास्त्रें, आणि व्यापारशिक्षण. मृत्युपत्रांतहि महाविद्यालयें चारच होतीं, पण त्यांपैकीं धर्मशास्त्र व वैद्यक आज नाहींत, कायदा मानव्य शाखेखालीं आहे. आणि ज्या एंजिनिअरिंगसाठीं हें विद्यापीठ नांवाजलें आहे त्याचें त्या चारांत नांवहि नव्हतें.

तेव्हां निर्णय काय? संस्थेचा धागा १७९६ पासून अखंड आहे, हें नगरसभेची सनद, १८७७ चा कायदा व १८८७ चें एकीकरण या साखळीवरून निःसंशय ठरतें. परंतु विद्यापीठ १७९६ सालीं स्थापिलें असें जेथें लिहिलेलें आढळेल तेथें तें चूक समजावें. ‘विद्यापीठ’ हा शब्द १७९५ सालीं लिहिला गेला, १७९६ सालीं गळला, १८२८ सालीं उचलला, १८७७ सालीं टाकला, व १९६४ सालीं अधिकारासह मिळाला. साखळी मृत्युपत्राच्या कलमांनीं टिकविली नाहीं. ती संध्याकाळच्या वर्गांत येऊन बसणाऱ्या कारागिरांनीं टिकविली. मृत्युपत्रांतील एक गोष्ट मात्र अक्षरशः पार पडली. अँडरसननें मागें ठेविलेलीं पुस्तकें विद्यापीठाच्या ग्रंथालयांत आजहि जतन केलेलीं आहेत, आणि त्या ग्रंथालयाचें नांव ‘अँडरसोनियन’ असेंच आहे.