हवेवर तोललेले घर

अमेरिकेत चाकांवरची घरे असतात. मोटारीतच चूल, मोटारीतच बिछाना. उतारावर उभी केली की घर कलते. मग काही मोठ्या गाड्यांत चाकांजवळच्या रबरी फुग्यांत हवा भरून वा सोडून ते समपातळीत आणतात.

हे फुगे आधी बसगाडीत रुळले. १९५४ साली ग्रेहाउंडची 'सीनिक्रूझर' त्यांवर धावू लागली. बसला ब्रेकसाठी हवेचा पंप होताच. १९५७ साली कॅडिलॅकने 'एल्डोरॅडो ब्रूम' या मोटारीत ते बसवले. तिथे मात्र हवा गळे. कंटाळून कित्येक मालकांनी पोलादी स्प्रिंगा घातल्या.

तीच गळती आजही छळते. रातोरात घर एका अंगाला बसले, तर फुगा बदलण्याची घाई नको. आधी नळ्यांचे जोड आणि झडपा पाहाव्या. सायकलवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधतो ना? इथे बुडवता येत नाही, म्हणून साबणाचे पाणी लावायचे. हवेच्या टाकीत साचलेले पाणीही काढावे. त्याने झडपा गंजतात.

आणि एक, बरं का: भक्कम टेकू दिल्याखेरीज गाडीखाली शिरू नये. हवा निसटली की सारे घर अंगावर येते.